ज्या निवडणुकीत आम्हाला मत नव्हतं

चेक-इन काउंटरवरच्या मुलीने आधी पासपोर्टवरचा फोटो पाहिला, मग सासूबाईंच्या हातातलं दोन महिन्यांचं बाळ पाहिलं आणि विचारलं, "मदर?" मी हात वर केला. "ट्रॅव्हलिंग?" मी म्हटलं, "नो." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच बाळ पळवून आणलं असावं. सासूबाई तिला मराठीतून समजावत होत्या, "अगं, हिची रजा संपली." त्या पोरीला मराठी येत नव्हतं, पण शिक्का मारल्यासारखी मान हलवून तिने बोर्डिंग पास दिले. सई झोपलेली होती. दुबईहून मुंबई, मुंबईहून तासगाव. माझी लेक माझ्याआधी गावी परत गेली.

दुबईच्या मनखूल भागात राहिलेल्या आणि तिथून पुढे मेलबर्न-टोरांटोला गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला हे नवीन नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये रीतच होती तशी. बाळंतपणाला आजी व्हिजिट व्हिसावर यायची, बारसं हॉलमध्येच व्हायचं, आईची पंचेचाळीस दिवसांची रजा संपली की तिला जोडून मिळतील तेवढे दिवस ओढायचे, आणि मग आजी बाळाला घेऊन जायची. पोर शाळेत घालायच्या वयाचं झालं की परत. "पाठवलं का?" असं लिफ्टमध्ये सहज विचारायचे लोक, कुरिअरबद्दल विचारतात तसं. तासगावच्या माणसांना मात्र हे कळायचं नाही. त्यांना वाटायचं, दुबईत राहणाऱ्या बाईच्या घरी चार नोकर असतील.

नोकर कसले! मोलकरणीला व्हिसा द्यायचा तर नवऱ्याचा पगार जेवढा लागतो, तेवढा माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर एक बाई पोरं सांभाळायची. मी बघायला गेले होते. सकाळी अकराची वेळ, एका खोलीत आठ पोरं ओळीने झोपलेली, आणि कुणाचं हूं की चूं नाही. मी सगळं आयुष्य पोरांच्या कालव्यात काढलेलं. एक झोपलं की दुसरं उठतं, हा पोरांचा धर्म आहे. आठही एकदम कशी झोपली? ती बाई गोड बोलत होती, चहा विचारत होती, आणि माझी नजर कपाटावरच्या सर्दी-खोकल्याच्या बाटलीवर. कदाचित ते औषध साधंच असेल, पोरांना गुंगी आणायला नसेलही. पण पाणी कुठेतरी मुरतंय असं एकदा मनात आलं की माझ्या मनातून ते जात नाही. सई तासगावला गेली ती त्या बाटलीमुळे.

हा संशय मला वडिलांकडून आला. बाबा जिल्हा परिषदेत होते, सरकार त्यांनी आतून पाहिलेलं. मी लग्न होऊन दुबईला निघाले तेव्हा इतर बाप रडतात, माझे बाबा म्हणाले, "कुणी काही देतंय म्हटलं की आधी विचार, कुणाच्या खिशातून." मग माझ्या पिशवीची चेन नीट लागली आहे का ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं.

ऑफिसात त्या वाक्याचा फार उपयोग झाला. आमची सर्व्हे आणि इंजिनिअरिंगची कंपनी, मालक लोक ऑस्ट्रेलियन. मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे नकाशे आणि रिपोर्ट कुठून आले, कुठे गेले, कुणाकडे अडकले हे सांभाळणारी. नव्या शतकाची सुरुवातीची वर्षं होती, त्यांच्याकडे निवडणूक आली होती, आणि आमच्या पॅन्ट्रीत कॉफीच्या मशीनशेजारी रोज लोकसभा भरायची. एका बाजूला आमचा मॅनेजर ग्रॅहम, दुसऱ्या बाजूला अकाउंट्सची शॅरन. शॅरनचं म्हणणं, मूल झालं की बाईला सरकारने पगारी रजा द्यावी, जगभर देतात, आपणच मागे. ग्रॅहमचं म्हणणं, सरकारकडे स्वतःचा पैसा नसतो, ज्यांना मुलं नाहीत त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांचे लाड का पुरवावेत. शिवाय असा कायदा झाला तर छोट्या धंदेवाल्यांनी तरुण बायका नोकरीला ठेवणंच बंद केलं समजा.

मी कप विसळत ऐकायची. दोघांवरही माझा विश्वास नव्हता. ग्रॅहमचं पहिलं वाक्य बाबांचंच होतं, म्हणून जरा पटायचं. पण बाबा जेव्हा "कुणाच्या खिशातून" असं विचारायचे तेव्हा त्यांचा स्वतःचा खिसा रिकामा असायचा. याचा तसा नव्हता. आणि शॅरनला मूलबाळ नाही, चाळिशीला आलेली, हिला एवढा पुळका कशाचा? यात हिचं काय? आपल्याकडे कुणी विनाकारण दुसऱ्यासाठी भांडत असेल तर आधी त्याला कोण फूस लावतंय ते बघतात.

गंमत म्हणजे हीच निवडणूक शुक्रवारी आमच्या हॉलमध्येही व्हायची. मिलिंदने ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशनची फाईल टाकली होती, त्याच्या मित्रांनीही. आम्हाला दुबईत मत नाही, परदेशात राहतो म्हणून भारतात देता येत नाही, आणि ऑस्ट्रेलियात कुणी ओळखत नाही. तरी बिर्याणी खाताना कुठला पक्ष निवडून आलेला आपल्याला बरा यावर आवाज चढायचे. खालच्या मजल्यावरचे मुकादमभाई, रत्नागिरीचे, दुबईच्या देरा बाजारात कापडाचं दुकान असलेले, ते एकटेच हसत बसायचे.

"मुकादमभाई, तिथं बायकोला पगारी रजा मिळणार आहे," मिलिंद म्हणाला. "गव्हर्नमेंट देणार."

"हबीबी, काल माझं पार्किंग पाच मिनिटं ओव्हर झालं तर दंड लागला. आणि तिथलं गव्हर्नमेंट तुझं पोर झोपवायला पैसे देणार? पहिले व्हिसा तर येऊ दे, मग बोल. वहिनी, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मुकादमभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. मिलिंद हसला नाही. मला तेव्हा दुसऱ्या खेपेचा तिसरा महिना होता. सासूबाई सोडल्या तर आम्ही दोघांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तीन महिने सरेपर्यंत सांगायचं नाही, हे सासूबाईंनी फोनवर बजावलेलं. मिलिंदचा हिशोब सरळ होता. तोपर्यंत ऑस्ट्रेलिया झालं तर बाळ आपल्याजवळ राहील. नाही झालं, तर तासगाव आहेच.

तासगाव आहेच. हे दोन शब्द मी रात्रंदिवस चघळत होते. सई साडेतीन वर्षांची झाली होती. वर्षातून एकदा महिनाभर मी तिला भेटायची. पहिले आठ दिवस ती माझ्याजवळ यायची नाही, आणि यायला लागली की माझं विमान असायचं.

मग एका सकाळी पॅन्ट्रीत वाद फारच तापला. मला कॉफीच्या वासाने ढवळत होतं, म्हणून मी दारातच उभी होते. शॅरन म्हणत होती, बाळंतीण बाई सहा आठवड्यांत कामावर येऊच शकत नाही, शरीर आणि मन दोन्ही तयार नसतं. ग्रॅहमने एकदम माझ्याकडे बोट केलं. "आस्क हर! पंचेचाळीस दिवस, आणि टेबलावर हजर. एक तक्रार नाही. शी मॅनेज्ड ब्यूटिफुली."

तो वाईट माणूस नव्हता. सई झाली तेव्हा त्याने फुलांची मोठी परडी पाठवली होती, आणि परत कधी येणार हेही त्याच दिवशी विचारलं होतं. आता तो माझं कौतुक करत होता आणि त्याला वाटत होतं मी खूश होईन. सवयीने माझं तोंड हसायला वळलंसुद्धा. मग मला दिसलं की हा माणूस माझं उदाहरण घेऊन, मला कधी मिळणारच नाही अशी रजा कुठल्यातरी दूर देशातल्या बायकांच्या तोंडची काढतोय. मला राग आला.

मी म्हटलं, "येस ग्रॅहम, मी मॅनेज केलं. माझी मुलगी इंडियात आहे. दोन महिन्यांची असताना पाठवली. आता ती मला ओळखत नाही."

शॅरन म्हणाली, "तुला मुलगी आहे?" एवढी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून तिला ते माहीत नव्हतं. ती कंपनीत आली तेव्हा सई जाऊन वर्ष झालेलं, आणि मी फोटो लावलेला नव्हता. ग्रॅहम म्हणाला, "आय थॉट यू हॅड अ मेड. तुमच्या सगळ्यांकडे असते ना?" तो कप तसाच ठेवून निघून गेला. दुपारी शॅरन माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली, म्हणाली, माझ्या आईने मला आजीकडे ठेवलं होतं, शीप फार्मवर, सात वर्षं. बस्स, एवढंच, आणि गेली. तिचा पुळका कुठून येतो ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिच्याबद्दल जे जे मनात आणलं होतं ते गिळून टाकलं.

घरी जाऊन मिलिंदला सांगितलं. "हे बाळ कुठे जाणार नाही. आणि सईला आणायचं. आत्ता."

"फाईलचं होऊ दे की. सहा महिने अजून."

"कुठलं सरकार काय देतंय ते येईल तेव्हा येईल. मी नोकरी सोडतेय."

मिलिंद चिडला. एका पगारात मनखूल परवडणार नाही हे त्याचं खरंच होतं. आम्ही शारजाला एका खोलीच्या घरात गेलो, त्याचा रोजचा निम्मा जीव ट्रॅफिकमध्ये जायला लागला, आणि ऑस्ट्रेलियाची फाईल पैशाअभावी पुढे सरकलीच नाही. ऑस्ट्रेलियात निवडणूक झाली, कोण जिंकलं ते मुकादमभाईंनी फोन करून सांगितलं. मी म्हटलं, बरं.

सासूबाई सईला घेऊन आल्या त्या माझ्या सातव्या महिन्यात. सई आजीचा पदर सोडेना. मी जेवायला वाढलं तर आधी आजीकडे बघायची, आजीने मान हलवली तरच घास घ्यायची. मला ती "अहो" म्हणायची, पाहुण्यांना म्हणतात तसं. मला वाटायचं, होईल सवय. लहान आहे.

बाळ झालं. मिलिंद सईला हॉस्पिटलमध्ये घेऊन आला. नवा फ्रॉक, दोन वेण्या. ती पलंगाशी उभी राहून बाळाकडे खूप वेळ बघत होती. मग तिने त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं, आणि माझ्याकडे न बघता, रोजचं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "अहो, ह्याला कधी पाठवायचं?"

मिलिंद तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. मी म्हटलं, "कुणाला कुठे पाठवायचं नाही सई. त्यालाही नाही, तुलाही नाही." तिने आता माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला स्वच्छ दिसलं. बोट मात्र तिने सोडवून घेतलं नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. शारजाहून आम्ही अमिरातीतल्याच अल ऐन शहरात आलो, मिलिंदला इथे बरी नोकरी लागली. तासगावचं घर दिरांनी बांधून मोठं केलं, आम्ही गेलो की वरची खोली देतात. तुमच्यातल्या काहीजणी ऑस्ट्रेलियाहून फोन करता, तिथे पगारी रजा मिळायला लागली, किती सुधारलंय, असं सांगता. चांगलंच आहे. कुणाच्या खिशातून, असं मी अजूनही मनात विचारते, पण आता त्या प्रश्नात पहिल्यासारखा जोर नसतो.

सई आता इथल्याच शाळेत शिकवते, इंग्रजीतून बोलते, इंग्रजीतूनच रागावते. पण रोज दाराला किल्ली लावली की आत यायच्या आधी उंबऱ्यावरून मराठीत हाक मारते, "आई, आहेस ना?" मी आत असते, हे तिला माहीत असतं. माझ्या चपला समोरच असतात. तरी विचारते, आणि उत्तर येईपर्यंत पाऊल आत टाकत नाही. घर कुठलं असं मला कुणी विचारलं तर गाव, देश काही सुचत नाही. ती हाक मारते आणि मी जिथून "आहे गं" म्हणते, ते माझं घर.