भरमू आण्णांनी भंडारा उचलला

आधी जगन्माउलीच्या पायरीला हात लावतो आणि मग एका शेतकऱ्याच्या पायांविषयी बोलतो.

ते पाय भरमू आण्णांचे. बेळगुंदी मागे टाकून पश्चिमेला निघालात की डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी लागते. तिथल्या मातीत भात पिकतो, रताळी पिकतात आणि बांधावरची भांडणेही पिकतात. आषाढ-श्रावणात पाणी असे काही कोसळते की बांध विरघळून जातात. पाऊस उघडला की सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे! कोर्टात जावे तर तारखांना अंत नाही. म्हणून त्या वाडीत दोन्ही बाजूंची माणसे आण्णांच्या दाराशी येतात.

आण्णा अंघोळ करून महालक्ष्मीच्या देवळात जातात. तळहातावर बेलाचे पान ठेवतात, त्यावर मूठभर भंडारा घेतात आणि अनवाणी शिवारातून चालू लागतात. तरुणपणी त्यांनी भाड्याच्या बैलजोडीने वाडीतले रान न् रान नांगरले आहे. ते चालतात तो बांध. मागे माणसे दगड पुरत येतात, आणि ज्याची जमीन जाते तोही नमस्कार करून घरी जातो. हा मान कोणत्या सरकारने दिलेला नाही, कोणत्या निवडणुकीत जिंकलेला नाही. तो एका शब्दावर उभा आहे. बेल-भंडार हाती घेऊन आण्णा एकदा जरी खोटे बोलले, तर त्यांनी चाललेले सगळे बांध त्याच क्षणी पुन्हा चिखल होतील. हे आण्णा जाणतात आणि वाडीही जाणते.

आता ऐका, या शब्दाची परीक्षा कशी झाली ती.

मागच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास आण्णा आणि त्यांच्या पत्नी आक्काताई रताळी काढत होते. वाडीतले बाकी सारे देवीच्या जत्रेला गेलेले. भर दुपारी आकाशातून शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि वेलांमध्ये काहीतरी धपकन आदळले. जवळ जाऊन पाहतात तर परातीएवढी एक वस्तू. कड भाजलेली, रंग शिशासारखा, आणि उचलावी तर सुपासारखी हलकी! वासराचा पाय पडू नये म्हणून आण्णांनी तिच्यावर डालगे पालथे घातले आणि पंचायतीत जाऊन निरोप दिला.

उन्हे कलायच्या आत जीप आली. तिच्यावर कसलाही फलक नव्हता. दोन साहेब उतरले. वस्तू झाकायला त्यांच्याकडे काही नव्हते, तेव्हा झाडाखाली पसरलेली आक्काताईंची वाकळ त्यांनी उचलली, वस्तू तिच्यात गुंडाळली आणि जीपमध्ये ठेवली.

आण्णांनी विचारले, "काय हाय ओ हे, सायेब?"

साहेब हसले. "एनू इल्ला, यजमानरे. काही नाही. विसरून जा."

जीप गेली. पुढे आक्काताईंनी वाकळ परत मागण्यासाठी चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: असे काही पडले नाही, कोणी काही नेले नाही.

"काय नेलं न्हाय, तर माजी वाकळ चालत गेली व्हय?" आक्काताई विचारीत.

ही हकीकत शहरातल्या खासबागेत पोहोचली. तिथे आण्णांचा भाचा नागेंद्र राहतो. शहरात नोकरी करणारा, वाचणारा, तळमळीचा माणूस. परग्रहावरून अंतराळयाने येतात, ती कोसळतात आणि सरकारे त्यांची यंत्रे उचलून तळघरांत दडवतात, अशी त्याची मनापासूनची श्रद्धा आहे, आणि या विषयावर तो मोबाइलवर एक चॅनेलही चालवतो. त्याच्या उत्साहाने वाडी पेटली. तरुणांनी फाट्यावर लावायला 'विमान पडलेले गाव' असा फलक रंगवायला घेतला. तालुक्यातून गाड्या येतील, वाडीचे नाव होईल, अशी स्वप्ने पडू लागली. फक्त एक गोष्ट उरली होती. वस्तू त्या नवरा-बायकोनेच पाहिली होती, आणि त्यांपैकी आण्णांनी बेल-भंडार उचलून साक्ष द्यायला हवी होती.

त्या आठवड्यात माझे कीर्तन वाडीत होते आणि मुक्काम आण्णांच्या घरी. दिवेलागणीला नागेंद्र आला आणि मामांसमोर मांडी घालून बसला.

"मामा, तुमी फक्त एवढंच म्हणायचं, की ते गोल होतं आणि आतनं उजेड येत होता."

"उजेड कुटला रं? भर दुपार व्हती."

"म्हणजे चकाकत होतं की!"

"परातबी चकाकती."

आक्काताई चुलीपुढून म्हणाल्या, "आनि माजी वाकळ आता कुटल्या ग्रहावर हाय, त्येबी इचारून ठेव."

"मामी, चेष्टा नको ओ." नागेंद्र मामांकडे वळला. "अमेरिकेत माणसं संसदेपुढं शपथ घेऊन सांगतात, की सरकारनं परग्रहावरची यानं लपवली हाईत. आपल्याकडं शपथ घेणार कोण? मामा सोडून हाय कोण? तुमी गप्प राहिला तर हे कायमचं गाडलं जाणार."

नागेंद्र गेल्यावर आण्णांनी माझ्याकडे पाहिले.

"म्हाराज, हाय त्यापरास जास्त बोललं तर पाप. खरं का न्हाय?"

"खरं."

"आनि कमी बोललं तर?"

"तेही तेवढेच, आण्णा."

त्यांनी मान हलवली आणि दाराबाहेरच्या रानाकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आरतीनंतर, देवळापुढे सगळी वाडी जमली. नागेंद्राने मोबाइल काठीला बांधून उभा केला होता. इतक्यात एक साहेबही हजर झाले. ते जीपमधले नव्हते, तिसरेच कोणी. खाते विचारले तर नुसते हसले. आण्णांच्या शेजारी सरकून ते गोड आवाजात म्हणाले, "आजोबा, उगाच अफवा वाढते. उन्हात डोळे फसतात. 'काही पडलं नव्हतं' एवढं म्हणा, विषय संपला."

सज्जनहो, काय तो प्रसंग! एका कानाशी सत्ता सांगते, पडलेच नाही म्हण. दुसऱ्या कानाशी स्वतःचे रक्त सांगते, विमानच होते म्हण. दोघांनाही हवे आहे आण्णांचे तोंड, आणि आण्णांचे शब्द कोणालाच नको आहेत. म्हातारा वाकला तर कोणत्याही बाजूला वाकेल, आणि ज्या बाजूला वाकेल त्या बाजूने अवघ्या शिवाराचे बांध वाहून जातील.

आण्णा गाभाऱ्यात गेले. बाहेर आले तेव्हा तळहातावर बेलाचे पान होते आणि त्यावर पिवळाधमक भंडारा.

"आई, तुज्या दारात उबा हाय. माज्या रानात आभाळातनं एक वस्तू पडली. म्या बगितली, हात लावला. परातीयवडी, कडंला भाजल्याली, हालकी. दोन सायेब जीपमदनं आले आनि माज्या डोळ्यादेखत घिऊन गेले. पडलं न्हाय, नेलं न्हाय म्हणंल त्यो खोटं बोलतो."

साहेबांचे हसू मावळले. तरुणांनी शिट्ट्या मारल्या. नागेंद्र मोबाइल घेऊन पुढे धावला. "आणि ते ह्या पृथ्वीवरचं नव्हतं! व्हय का न्हाय, मामा?"

"त्ये मला ठाव न्हाय."

शिट्ट्या विरल्या.

"अंदाज तरी सांगा की!"

"अंदाजानं भंडारा उचलत न्हाईत रं."

"काय बोलूलालास, आण्णा!" मागून कोणी ओरडले. "सायबानं पढवला काय तुला?" फलक रंगवणाऱ्या पोरांनी तोंडे फिरवली. नागेंद्राच्या डोळ्यांत पाणी आले. आपलाच मामा आपल्याला तोंडघशी पाडतो आहे, असे त्याला वाटले असावे. आण्णा तसेच उभे होते, तळहात पसरून. देवळापुढे आरडाओरडा वाढत चालला, आणि मला भय वाटले, की आता हा तळहात एकटा पडतो.

तेव्हा परशराम उठला. आडदांड गडी, विमानासाठी सर्वांत मोठ्याने ओरडणारा. फलकासाठी रंग त्यानेच आणला होता.

"गप बसा की रं!" तो म्हणाला. "गेल्या साली ह्या म्हाताऱ्याच्या पायामागनं चालून म्या माजी जमीन सोडली. चांगली काळीभोर जमीन. माजी बायको अजून बोलती मला. आज ह्येनं न बगितल्यालं बगितलं म्हणून भंडारा उचलला असता, तर मी हितनं सरळ जाऊन त्यो बांध नांगरून टाकला असता. तुमचं त्ये विमान ठेवा तिकडं. बांध पायजेत का न्हाय तुमास्नी?"

मग एकेक नजर आपापल्या रानाकडे वळली. प्रत्येकाला आपला बांध आठवला, आणि त्या बांधावरून चालत गेलेले हे अनवाणी पाय आठवले. वृद्ध यशोदाबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी आण्णांच्या तळहातावरचा भंडारा चिमटीने उचलून कपाळी लावला. त्यांच्यामागे परशराम आला. मग रांग लागली, आणि त्या रांगेच्या शेवटी, मोबाइल खिशात घालून, नागेंद्र उभा होता.

"पण मामा," तो हळूच म्हणाला, "मग लपवलं कशाला त्यांनी?"

"त्येच इचार की तू! त्येंनी नेलं, येवडं म्या सांगितलं. काय नेलं, त्ये सांगायचं काम त्येंचं. माज्या तोंडात त्येंचं उत्तर कशाला कोंबतोस?"

नागेंद्र साहेबांकडे वळला, तर साहेब गाडीत बसून निघून गेले होते.

माझी छाती त्या दिवशी अभिमानाने भरून आली, आणि अजून भरलेली आहे. कोणी म्हणते, आकाशात कोण राहते ते सरकार जाणते आणि लपवते. जाणत असेलही. मी कीर्तनकार आहे, आकाशाचा मालक मी निराळाच मानतो. परंतु जाणून लपवणारे पुष्कळ आणि न जाणता सांगणारे त्याहून पुष्कळ असलेल्या या जगात, देवाच्या दारात उभे राहून "मला ठाव न्हाय" म्हणणारा एक माणूस माझ्या मुलखात निपजला! ही माती धन्य आहे.

नागेंद्राने ते चित्रण जसेच्या तसे, शेवटच्या शब्दापर्यंत चॅनेलवर टाकले. सरकारकडून अद्याप उत्तर नाही. पण अलीकडेच दूरच्या एका वाहिनीची माणसे वाडीत आली होती. परशराम बांधावर गवत कापत होता. त्याच्यापुढे माइक धरून त्यांनी विचारले, इथे काय घडले?

"पडलं. नेलं. काय व्हतं ठाव न्हाय," परशराम म्हणाला.

"थोडं सविस्तर सांगा ना. पाहणाऱ्यांना रंगत यायला हवी."

"मला रंगवाय येतंय की," परशरामाने विळा खाली ठेवला, "पर त्यापायी बांध कोण घालवंल?"