शहाजीच्या पोराचं जर्मन

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत विश्वजितला सगळे 'जर्मन' म्हणायचे. चिडवून नाही, कौतुकानं. किराणा दुकानात गर्दी असली तरी कोणीतरी ओरडायचं, "ए, जर्मनला आधी सोडा रे, त्याला ड्युटी हाय!" आणि विश्वजित साखरेचा पुडा घेऊन मान खाली घालून निघायचा. लोकांना वाटायचं, शिकूनसवरून पोरगं किती गरीब स्वभावाचं राहिलंय. मान खाली जायची ती वेगळ्याच कारणानं. विश्वजितला जर्मन बोलता येत नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पाळीनं मशीन दुरुस्तीचं काम करायचा. मशीन जर्मनीहून आलेली. एकदा तिथला मोठा साहेब सहज बोलून गेला, "ज्याला ही भाषा येईल आणि जोडीला मॅनेजमेंट, तो हातात पाना धरणार नाही." साहेब विसरला, विश्वजित विसरला नाही. कॉलेजात जायला वेळ नव्हता, म्हणून दोन्ही अभ्यासक्रम त्यानं टपालानं सुरू केले. मॅनेजमेंटच्या जाडजूड पुस्तिका यायच्या आणि जर्मनच्या पातळ पुस्तकाबरोबर कॅसेटी.

मॅनेजमेंट त्याला मनापासून आवडलं. मालाची साठवण, मागणी, माणसांकडून काम करून घेणं, हे सगळं त्याला सर्किटच्या आकृतीसारखं दिसायचं. कुठून प्रवाह येतो, कुठे अडतो. जर्मनचं तसं नव्हतं. कॅसेटमधली बाई एक वाक्य म्हणायची आणि थांबायची. त्या थांबलेल्या जागेत विश्वजितनं तेच वाक्य तिच्यासारखं म्हणायचं. मग ती पुढचं म्हणायची. दीड खोलीचं घर, दार सताड उघडं, आणि आत विश्वजित खणखणीत आवाजात जर्मन म्हणतोय. बायका पाण्याच्या कळशा घेऊन दारात थबकायच्या.

"शालनबाई, कुणाशी बोलतोय गं तुझा ल्योक?"

"हाय एक बाई कॅसेटमधली," त्याची आई म्हणायची. "जेवायला म्हणून सोडत न्हाई त्याला."

वाक्यांचा अर्थ पुस्तकात दिलेला असायचा. परीक्षेचे पेपर घरी येत, पुस्तक शेजारी उघडं ठेवून तो लिही, मार्कही छान पडत. पण समोर माणूस बोलला तर काय, हे त्यानं कधी करून पाहिलं नव्हतं. पाहणार कोणाबरोबर? वसाहतीनं मात्र ऐकून ऐकून ठरवून टाकलं की पोरगा फाडफाड बोलतो. गणपतीत त्याला शाल-नारळ दिला. त्या दिवशी 'नाही हो, अजून शिकतोय' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण वडील, शहाजी, पहिल्या रांगेत धुतलेला पांढरा सदरा घालून बसले होते. विश्वजितनं शाल खांद्यावर नीट केली.

शहाजी मूळचे कोरेगावकडचे. फळबाजार मुंबईतून वाशीला आला तसे तेही आले आणि बाजीराव शेठच्या गाळ्यावर माथाडीच्या टोळीत पाठीवर पेट्या वाहू लागले. मुलाबद्दल ते घरात कधी चांगलं बोलत नसत. बाजारात मात्र दुसरा विषय नसे.

हापूसचा मोसम भरात असताना बाजीराव शेठकडे हँबुर्गचा एक फळव्यापारी येणार असं ठरलं. म्युलर त्याचं नाव. त्याच्याबरोबर यायचा दलाल पोट बिघडून हॉटेलात आडवा झाला आणि पाहुणा एकटाच येतोय असा निरोप आला. शेठ हवालदिल. शहाजींनी पाठीवरची पेटी खाली ठेवली.

"शेठ, कशाला टेन्शन घेता? माझा विशू बोलंल की. जर्मनच बोलतो तो घरात."

"खरंच बोलतो का रे शहाजी? का आपलं उगी?"

"न्हाई बोलला तर माझं नाव बदला."

शेठ खूश झाले. "आण त्याला. जमलं तर एक्स्पोर्टचं कामच त्याच्याकडे देतो. मॅनेजमेंट पण करतोय म्हणालास ना?"

घरी येऊन शहाजींनी हे सांगितलं तेव्हा विश्वजितनं चालू कॅसेट बंद केली. "दादा, मला सवय नाही बोलायची," एवढं तो म्हणाला.

"घरात बोलतोस त्ये काय? लाजतो कशाला लेका, पोरगी बघायला निघालाय व्हय?" आई हसली, वडील हसले, आणि विश्वजितही हसला.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्यावर उभा होता. पेंढ्याचा आणि पिकू लागलेल्या आंब्याचा वास घमघमत होता. टोळीतल्या लोकांनी काम थांबवून अर्धं कडं केलं होतं. म्युलर आला. उंच, घामानं लालबुंद, गळ्यात कॅमेरा. शेठनी हार घातला, विश्वजितकडे बोट करून "जर्मन, जर्मन!" म्हटलं, एक पेटी फोडली, आंबा कापून पुढे केला. पाहुण्यानं फोड चाखली, पेटीतले दोन-चार आंबे उलटेपालटे करून पाहिले आणि विश्वजितकडे वळून एक लांब वाक्य म्हटलं. मग तो उत्तरासाठी थांबला.

तो थांबला आणि तिथंच घात झाला. दोन वर्षांची सवय. समोरचा थांबला की विश्वजितचं तोंड आपोआप उघडायचं. त्यानं पाहुण्याचंच वाक्य, तसंच्या तसं, झोकात परत म्हणून दाखवलं.

"आरारारा!" टोळीतून आवाज आला. "वाघ हाय गड्या!"

म्युलरच्या भुवया वर गेल्या. ऐकू गेलं नसेल असं समजून तो हळू, तोडून तोडून तेच पुन्हा म्हणाला आणि थांबला. विश्वजितनं तेही परत म्हटलं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, पण रिलेचा स्विच चिकटून बसलेल्या मशीनसारखं त्याला थांबवता येत नव्हतं. पाहुणा क्षणभर बघत राहिला, मग मोठ्यानं हसला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि भराभर आणखी काही बोलला. त्यातला एकही शब्द विश्वजितला लागला नाही.

"काय म्हणतोय?" शेठनी विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. शहाजी तर त्याच्या ओठांकडे बघत होते, जणू तिथून काही सांडलं तर झेलायला.

"माल आवडला म्हणतोय," विश्वजित म्हणाला.

झालं! शेठनी खांद्यावरचा रुमाल काढून पाहुण्याच्या हातावर टाकला आणि खाली बोटं धरली. बाजारातला सौदा असाच व्हायचा. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा, समोरच्यानं मान हलवली की माल विकला गेला. मग दुसरा कोणी दुप्पट देतो म्हणाला तरी द्यायचा नाही. म्युलरला गंमत वाटली. त्यानंही शेठची बोटं दाबली, जोरात मान हलवली आणि त्या रुमालाचा फोटो काढला.

एवढ्यात बडोद्याचे जयंतीभाई आले. दरवर्षीचं गिऱ्हाईक. "बाजीरावभाई, हा सगळा लॉट आपला हां."

"माल गेला, जयंतीभाई. फॉरेनला गेला."

जयंतीभाईंनी पाहुण्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि पुढच्या गाळ्याकडे चालू लागले. बाजाराचा नियम त्यांनाही ठाऊक होता.

पाहुणा खुर्चीवर बसून शहाळं पीत होता. टोळीनं पेट्या उचलून वेगळी थप्पी लावायला घेतली. सर्वांत पुढे शहाजी. पेटी पाठीवर घेता घेता ते शेजारच्या गाळ्याच्या माणसाला सांगत होते, "साहेब एक बोलला, की ह्यो दोन बोलत हुता. साहेबच दमला, सांगतो तुला."

विश्वजितचे कान तापले. आंबा थांबत नाही, एवढं तर त्याला मॅनेजमेंटच्या पुस्तिकेआधी वडिलांच्या तोंडून कळलं होतं. साहेबानं माल घेतलाच नसेल तर ही थप्पी इथंच पिकून काळी पडेल. जयंतीभाई अजून दिसत होते, दोन गाळे पलीकडे. सांगायचं तर आत्ताच. पण टोळीसमोर? दादांसमोर? कोणी विचारलं नाही तर हा दिवस असाच निघून जाईल, असा एक नीच विचार त्याच्या मनात आला. आपल्याला तो आला, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"शेठ," तो म्हणाला. "शेठ, जयंतीभाईंना थांबवा."

"का रे?"

"साहेब काय म्हणाला ते मला कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे? आवडला म्हणाला ना?"

"ते मीच म्हणालो."

बाजीराव शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मग एवढं बोलत काय होतास त्याच्याशी?"

"तो जे म्हणत होता तेच परत म्हणत होतो. मला तेवढंच येतं."

टोळीतला एकजण फिस्सकन हसला आणि शहाजींकडे बघून गप्प झाला. शहाजी पेटी पाठीवर तशीच ठेवून वाकून उभे होते.

"इंग्रजी तरी येतं का?" शेठनी विचारलं. "त्यात विचार."

विश्वजित पाहुण्यासमोर गेला. साध्या, डिप्लोमाच्या इंग्रजीत त्यानं विचारलं आणि म्युलरनं तितक्याच साध्या इंग्रजीत उत्तर दिलं. फळ गोड आहे, पण इतकं पिकलेलं जहाजात टिकणार नाही. आज तो फक्त बघायला आलाय, विकत काही घेणार नाही. हेच मघापासून विचारतोय, कच्चा माल कधी मिळेल? पहिल्यांदाच इंग्रजीत तोंड उघडलं असतं तर सगळं दोन मिनिटांत मिटलं असतं.

शेठ चपला न घालताच जयंतीभाईंमागे धावले. जयंतीभाई परत आले, पण सोडलेल्या मालाकडे परत येणारं गिऱ्हाईक आधीच्या भावानं येत नसतं. रुमालाखाली या वेळी शेठची मान बराच वेळ हलली नाही. शेवटी हलली.

"जा तू आता," शेठ विश्वजितला म्हणाले. टोळीनं वेगळी लावलेली थप्पी मोडली आणि पेट्या बडोद्याच्या ट्रककडे निघाल्या. विश्वजित पेटी उचलायला पुढे झाला तर शहाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शर्ट खराब हुईल." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो शब्द त्याला दिवसभर टोचत राहिला.

संध्याकाळी शहाजी घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. शालनबाईंनी विचारलं, "काय म्हनला मग पावना?" विश्वजितनं ताट पुढे ओढलं, तशा त्या भाकरी वाढत राहिल्या.

"शेठला सांगितलंस त्ये बरं केलंस," शहाजी ताटाकडे बघत म्हणाले. "पण मला आदी सांगायचं. मी टोळीत बोललो नसतो."

"चुकलं, दादा."

"मी आडाणी. मला काय कळतंय त्यातलं? तू बोललास, मला वाटलं बोलतोय." त्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"त्ये मॅनेजमेंटचं तरी खरं हाय न्हवं?"

ते खरं होतं. त्याला त्यातलं सगळं येत होतं, पुस्तक मिटूनही येत होतं. "खरं आहे, दादा," विश्वजित म्हणाला. पण ते म्हणतानाही आपण खोटंच बोलतोय असं त्याला वाटलं, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांनाही तसंच वाटतंय.