दलदलीच्या वाटेवरचा आडवा ट्रॅक्टर

सबिना टार्मीच्या तोंडी लागायचं नाही, हे क्लूनगाऱ्यातलं पोर बोलायला लागतं तेव्हाच शिकतं. पाद्रीबुवासुद्धा तिच्या दारात आले की आधी पावसापाण्याचं बोलून अंदाज घेतात. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून सहाणेवरून आताच उतरल्यासारखी. अंगावर स्वेटर, पायात रबरी बूट आणि डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची, मार्टीची, फेल्ट हॅट. हॅटला रानकोंबड्याचं पीस. ते पीस लांबून दिसलं की माणसं वाट बदलतात, आणि बदलतात तेच बरं.

क्लूनगाऱ्यात प्रत्येक घराचा दलदलीत एक पट्टा. मे महिन्यात वरचं हिरवं काढायचं, खालची काळी ओली माती विटेसारखी कापून पसरायची, जरा सुकली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, आणि खडखडीत वाळल्या की घरी नेऊन वर्षभर चुलीत घालायच्या. हा टर्फ. ज्याच्या कपड्यांना याच्या धुराचा वास नाही तो गावात परका. कापायचं हत्यार म्हणजे स्लेन. फावड्याचंच भावंड, पण एका बाजूला पंख असलेलं. उजव्या हाताच्या माणसाचा पंख एकीकडे, डावखुऱ्याचा दुसरीकडे. सबिना डावखुरी. तिच्या बापाने लोहाराकडून तिच्यासाठी मुद्दाम उलट्या पंखाची स्लेन घडवून घेतली होती. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला बसेना. बसली ती फक्त तिच्या मुलीच्या, इटाच्या.

घरातल्या पोराला चालता येऊ लागलं की पट्ट्याच्या कडेला त्याच्या स्वतःच्या विटांची एक छोटी रास, उडवी, रचायची, ही इथली रीत. पोराने ती राखायची, पडली तर उभी करायची, आणि नाताळच्या रात्री त्याच विटा आधी जाळायच्या. इटाची उडवी दरवर्षी असायची. इटा घर सोडून गेली त्याला पंधराएक वर्षं झाली, तरी ती उडवी दरवर्षी होतेच. कुणी विचारलं तर सबिना म्हणायची, "वाऱ्यासाठी आहे. तुला काय करायचंय?"

इटा गेली ती या दलदलीवरूनच.

झालं असं, की वरून हुकूम आला : या दलदली आता राखायच्या, टर्फ कापायचा नाही. गाव पेटलं. हॉलमध्ये सभा भरली, खुर्च्यांवरून माणसं उठून ओरडत होती. तेव्हा गॉलवेला शिकत असलेली इटा उभी राहिली. म्हणाली, "माणसाच्या उंचीएवढी दलदल व्हायला दोन हजार वर्षं लागतात, आणि आपण ती एका हिवाळ्यात धूर करून सोडतो. मी लहान होते तेव्हा इथे कुरल्यू पक्षी ओरडायचे. शेवटचा कधी ऐकलात, सांगा." माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली, कारण कुणी ऐकला नव्हता.

मग सबिना उठली. "वीज करायला मोठ्या यंत्रांनी जिल्हेच्या जिल्हे खरवडले, तेव्हा हे पक्षी कुणाला आठवले नाहीत. आता माझ्या एका चुलीने आभाळ फाटतंय होय? थंडीत काय पक्षी पांघरू?"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. तिथेच थांबली असती तर बरं होतं. पण टाळ्यांनी माणूस चढतो. मुलीकडे बोट करून ती म्हणाली, "जिच्या अंगात माझ्या चुलीची ऊब आहे तीच चुलीवर पाणी ओततेय. जा बाई, तुझे पक्षी पाळ. माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल टाकू नकोस."

खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं, आणि दोघीही गाढव होत्या. इटा थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला, टास्मानियाला गेली, तिकडेच लग्न केलं. नाताळला कार्ड यायचं, सबिना ते न उघडता चुलीत टाकायची आणि जळेपर्यंत बघत बसायची. पुढे तिचा दीर मॅल्की याने सरकारची भरपाई घेऊन आपला पट्टा सही करून सोडला आणि घरात तेलाचा बॉयलर बसवला. त्या दिवसापासून त्याच्या दारावरून जाताना ती न चुकता थुंकत आली.

यंदा बातमी आली, की कापणाऱ्यांना कोर्टाच्या नोटिसा निघाल्यात आणि त्या ज्याच्या त्याच्या हातात द्याव्या लागतात. लगेच सभा. सबिनानेच नियम घातला. "परका माणूस आला तर कुणी कुणाचं नाव सांगायचं नाही. वाट विचारली तर उलटी सांगायची. फारच खोदून विचारलं तर सांगा, तो मेला." नियमावर हात वर झाले. दलदलीकडे आणि तिच्या घराकडे जाणाऱ्या एकाच वाटेच्या तोंडाशी तिने आपला जुना लाल ट्रॅक्टर आडवा लावला आणि किल्ली स्वेटरखाली गळ्यात अडकवली. तिचा उजवा हात म्हणजे शेजारचा फेस्टी मनियन. हा गडी डोक्याने बेताचा पण निष्ठेने पक्का. दिवसातून दहा वेळा ट्रॅक्टर जागेवर आहे ना ते बघून यायचा.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी सबिना विटा उभ्या करत होती. ट्रॅक्टरच्या पलीकडे पांढरी गाडी थांबली. भाड्याची, चकचकीत. तिच्यातून एक उंच माणूस उतरून चालत आत आला. पायात कोरे करकरीत बूट, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. येता येता मध्येच तो गुडघ्यावर बसला, ओलं शेवाळ मुठीत घेऊन पिळलं, आणि पोराला खाऊ मिळावा तसा खूश झाला. सबिनाने मनात म्हटलं, आला. शेवाळावर असं प्रेम फक्त पगारी माणूस करतो.

"नमस्कार," तो म्हणाला. उच्चार कुठले कोण जाणे. "किती खोल आहे हो इथे?"

"पाय घालून बघ. बुडालास की कळेल."

तो हसला, म्हणजे निर्लज्जही होता. पट्ट्याच्या कडेची छोटी उडवी त्याला दिसली. "ही एवढीशी वेगळी का?"

"भुताची आहे. हात लावू नकोस."

त्याने हात मागे घेतला. मग घसा साफ केला, जाकिटाच्या खिशात हात घातला आणि विचारलं, "सबिना टार्मी कुठे भेटतील? मला त्यांच्याशीच बोलायचंय. प्रत्यक्ष."

प्रत्यक्ष! खिशातली नोटीस तिला जणू जाकिटाच्या कापडातून दिसली. सबिनाने स्लेन डाव्या हातात धरून मातीत रोवली. "सबिना टार्मी? मेली ती."

माणसाचा चेहरा पडला. "कधी?"

"हिवाळ्यात. पुरून टाकली. तोंडाची फार वाईट होती, कुणी रडलंसुद्धा नाही. चल नीघ आता."

खिशातला हात रिकामाच बाहेर आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, "वाईट झालं" असं काहीतरी पुटपुटला आणि गेला. सबिना त्याच्या पाठीकडे बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. दिवस सोन्याचा गेला म्हणायचा.

दुपारी फेस्टी आला तो धापा टाकतच. "सबिना, मॅल्कीने हद्द केली! सरकारी लोकांना थेट कबरस्तानात घेऊन गेला. पांढरी गाडी, एक उंच माणूस, आणि बरोबर एक बाई. बाई तुझ्या मार्टीच्या कबरीपाशी फुलं ठेवत होती. आता काय, कबरीही राखणार का? उद्या म्हणतील, मेलेल्यांना हलवू नका, त्यांच्यावर दुर्मीळ शेवाळ आहे."

"बाई कशी होती?"

"लांबून काय दिसणार? लाल केस. डाव्या हाताने कबरीवरचं गवत उपटत होती, हे मात्र दिसलं. मी तिला बघून थुंकलो, तुझ्या वतीने."

सबिनाच्या हातातली वीट पडून फुटली. मार्टीचे केस लाल होते. डाव्या हाताने गवत उपटणारी या गावात ती स्वतः, आणि दुसरी एकच. तिला आता तो खिसा आठवला, त्यातून रिकामा बाहेर आलेला हात आठवला, आणि कळलं, त्या खिशात नोटीस नव्हती, इटाची चिठ्ठी असणार. मुलीने आधी नवऱ्याला पाठवलं होतं. उंबऱ्यावर पाऊल टाकलं तर चालेल का, एवढंच विचारायला. आणि आईने उत्तर दिलं होतं.

"कुठे निघालीस?" फेस्टी म्हणाला. "विटा अर्ध्या पडल्यात!"

ती वळलीही नाही.

मॅल्कीने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाला नाही. तो हडकुळा, कायम सर्दी झाल्यासारखा बोलणारा माणूस. आज मात्र आवाज खणखणीत होता. "काय गं, आज आत थुंकायला आलीस?"

"इटा कुठे आहे?"

"गेली. शॅननच्या वाटेला असेल, संध्याकाळचं विमान आहे." त्याने दाराला टेकून हात बांधले. "तिच्या नवऱ्याने सांगितलं, एक डावखुरी म्हातारी, पुरुषाची हॅट, हॅटला पीस, तिने सांगितलं की सबिना मेली. पोरगी आधी हसली. मग म्हणाली, काका, आईचा निरोप पोचला. ‘तू मला मेलीस’ असं नाही म्हणाली ती, ‘मी तुला मेले’ म्हणाली. आता तेवढं बापाच्या कबरीवर जाऊन येते."

"मी त्याला सरकारी माणूस समजले, मॅल्की!"

"तू देवालाही सरकारी माणूस समजशील."

"फोन लाव तिला."

"नीट माग."

आयुष्यात सबिनाने कुणाकडे नीट मागितलं नव्हतं. लग्नात पाद्रीबुवांनी विचारलं तेव्हाही "हो" असं काही म्हणाली होती की ते दचकले होते. ती मॅल्कीच्या चपट्या नाकाकडे बघत राहिली आणि त्याच नाकावर स्लेन घालावीशी वाटली. मग हॅट काढून हातात घेतली. पांढरे केस घामाने चिकटले होते. "लाव रे बाबा," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

मॅल्कीला हे अपेक्षित नसावं. त्याने गुपचूप फोन लावून तिच्या हातात दिला, पण आत ये म्हणाला नाही.

"काका?"

"मी आहे."

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. "वा," इटा म्हणाली. "क्लूनगाऱ्यात मेलेली माणसं आता फोन करतात."

जीभ माझीच आहे हिची, सबिनाला वाटलं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी क्षणभर अभिमानच वाटला. "अगं, नोटीस घेऊन आलेला सरकारी माणूस वाटला मला तो."

"सरकारीच आहे. लॅक्लन तिकडे दलदलीच राखतो. पगार सरकार देतं."

"मिळून मिळून हाच मिळाला तुला?" तोंडातून निघून गेलं. दारात मॅल्की खुसखुसला. सबिनाने डोळे मिटले. आता फोन बंद होणार, आणि पुन्हा कधी वाजणार नाही, हे तिला हातातल्या हॅटइतकं स्पष्ट दिसलं.

पण फोन बंद झाला नाही. इटाने विचारलं, "पट्ट्याच्या कडेला एक छोटी उडवी आहे म्हणे. कुणाची ती?"

सबिनाने हॅटचं पीस बोटांत पिरगाळलं. वाऱ्याची, भुताची, सगळी उत्तरं तयार होती.

"आई?"

"कुणाची असणार?" ती ओरडलीच. "पंधरा वर्षं कोण राखतंय ती? गुडघे फुटले माझे वाकून वाकून! तुझी आहे, बये, तुझीच!"

पलीकडे कुणी नाक ओढलं.

"परत ये," सबिना म्हणाली. "त्यालाही आण."

"कापणं थांबवशील?"

"नाही."

"मीही तुला कापू नकोस म्हणायची थांबणार नाही."

"नको थांबूस. घरी येऊन म्हण."

"घरी कशी येऊ? वाटेत तुझा ट्रॅक्टर आडवा आहे."

"हलवते."

"बघते," इटा म्हणाली, आणि फोन ठेवला.

बघते म्हणजे हो की नाही, हे मॅल्कीला विचारण्यात अर्थ नव्हता. सबिनाने फोन परत दिला, थुंकली नाही, आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी दलदलीच्या वाटेपर्यंत आली. गळ्यातली किल्ली काढली. जुनं इंजिन खोकत खोकत सुरू झालं. तिने ट्रॅक्टर मागे घेऊन खड्ड्याच्या कडेला नेला, इतका बाजूला की वाट पूर्ण मोकळी झाली. मग तशीच त्यावर, हॅट मांडीवर ठेवून, मोठ्या रस्त्याकडे तोंड करून बसली.

आवाज ऐकून फेस्टी धावत आला. मोकळी वाट बघून त्याचं तोंडच उघडं राहिलं. "सबिना! नियम तूच घातलास ना? आता कुणीही सरळ आत घुसेल!"

"घुसू दे."

"अगं पण कोण येतंय?"

"माझा जावई."

फेस्टीने डोकं खाजवलं. "तुला जावई आहे? कोण तो?"

सबिनाने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"सरकारी माणूस," ती म्हणाली. "आणि फेस्टी, त्याने वाट विचारली, तर सरळ सांग."