डाव्या बाजूचा स्पीकर

साकोलीच्या बसस्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर वायरचं वेटोळं होतं. कुठल्याशा लग्नात भोंगे बांधून ते तसेच धावत आले होते. पहिल्या नोकरीसाठी मी पुण्याला निघाले होते. बस हलली तसे ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिथं आपल्याले कोणी ओळखत नाही. आपणच पयले बोलजो."

तुम्हा साकोलीकरांपैकी जे तिकडेच राहिलात त्यांना बाबा ठाऊक आहेत. जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठी सांगते. बाबांचा साउंड सर्व्हिसचा धंदा होता. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा मोसम सुरू होतो. तो अख्खा हिवाळा बाबा एका मंडपातून दुसऱ्या मंडपात फिरायचे आणि मोठ्या स्पीकर बॉक्सशेजारी खुर्ची टाकून बसायचे. पेटीचा एक सूर फाटला तरी ते उठून उभे राहत.

आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे पुण्यात, वारज्याला आणलं. आणि हा गप्पिष्ट माणूस इथे येऊन गप्प झाला. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाही. लिफ्टमध्ये कोणी नमस्कार केला तर हे समोर बघत उभे. समोरच्या कुलकर्णीबाईंनी एकदा मला विचारलंच, "तुमच्या वडिलांनी मौन धरलंय का हो? नाही, म्हणजे आम्हीही बोलायचं बंद करतो." मी ओशाळून हसले. मला वाटत होतं, त्यांचा माझ्यावर राग आहे. भरलं गाव सोडायला लावलं, त्याचा. "मले गावाले नेऊन दे," एवढंच ते अधूनमधून म्हणायचे. मी म्हणायचे, "थोडं थांबा, मन लागेल." ते मान फिरवायचे.

एका ठिकाणी मात्र ते जुने बाबा व्हायचे. गाडीत. रविवारी सकाळी आम्ही भाजी आणायला मार्केट यार्डला जायचो. मी गाडी चालवायची, ते माझ्या डावीकडे बसायचे, आणि पेनड्राइव्हवर त्यांनी जपलेली नाटकांची गाणी लागायची. कोणता नट पडद्यामागे झोपी जायचा, कोणत्या गावात जनरेटर बंद पडला, सगळं सांगत सुटायचे. आठवडाभर मी त्या रविवारची वाट पाहायची.

डिसेंबर लागला आणि स्टिरिओ बिघडला. सकाळच्या गारठ्यात गाडी सुरू केली की डाव्या दारातल्या स्पीकरमधून आधी खरखर यायची, मग काहीच नाही. ऊन चढलं की आपोआप वाजायला लागायचा. मी तक्रार केली तर बाबा म्हणाले, "आवाज तर बरा हाये." मला नवल वाटलं. फाटका सूर सहन न होणारे हेच का ते?

स्टिरिओच्या दुकानात गाडी नेली तेव्हा दुपार होती आणि स्पीकर अर्थातच ठणठणीत वाजत होता. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडीला थंडी वाजते म्हणता? स्वेटर आम्ही ठेवत नाही. बंद असेल तेव्हा आणा." आता सकाळी सहाला दुकान कोण उघडणार? घरी येऊन बाबांना सांगितलं. घरात पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकले. "रविवारी सकायी आपणच पाहू."

काचांवर दव होतं. पार्किंगमध्ये आम्ही दोघंच. बाबांनी पिशवीतून पक्कड, स्क्रूड्रायव्हर काढले. आधी त्यांनी मला स्टिरिओ बाहेर ओढायला लावून मागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करवली. तरीही डावा स्पीकरच मुका. "म्हंजे डब्बा चांगला हाये," ते म्हणाले. "दोष दारात हाये." आम्ही दाराचं आतलं आवरण काढलं. स्पीकरच्या मागचा जोड हिरवट पडला होता. पावसाळ्यात दारात पाणी गेलं असणार. गंजलेला, सैल पडलेला तो जोड थंडीत आकसून सुटत होता आणि उन्हाने पुन्हा टेकत होता. बाबांनी पॉलिशपेपरने जोडाची पत्र्याची पट्टी घासली, पकडीने दाबून घट्ट बसवली. वायरी परत जागेवर लावल्या. मी सगळा आवाज डावीकडे वळवला आणि गाणं लावलं.

दार खणखणीत वाजू लागलं. मी टाळीच वाजवली.

बाबा स्टुलावर बसून डावा कान स्पीकरला लावून ऐकत होते. "नाही वाजून रायला," ते म्हणाले.

"वाजतोय की बाबा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच स्पीकरच्या कागदी पडद्यावर तळहात टेकवला. कागद थरथरत होता. हात तसाच ठेवून त्यांनी मान वळवली आणि उजवा कान जवळ नेला. "वाजून रायला," ते म्हणाले. "वाजून रायला खरा."

मग मला एकेक उमगत गेलं. गाडीत मी त्यांच्या उजवीकडे असायचे, म्हणून तिथे गप्पा होत. स्वयंपाकघरातली माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. ते रागावलेले नव्हते. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. ते खाली बघत म्हणाले, "साउंडवाल्याचे कान गेले, हे गावात कोणाले सांगू नको. मले वाटे, इथले लोक माझ्याशी बोलतच नाहीत."

डॉक्टरांनी तपासलं. डावा कान जवळजवळ गेला होता, उजवाही कमी झाला होता. भोंग्यांशेजारी आयुष्य गेलं, त्याचा परिणाम. दोन्ही कानांना यंत्रं बसली. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीने ते दचकून उठले. मग मला म्हणाले, "तू एवढ्या जोरानं काऊन बोलते?" गेले कित्येक महिने मी ओरडतच बोलत होते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघं हसत सुटलो.

मग ते गावाला गेले. मंडळींना भेटले, नाटकं पाहिली, यंत्राबद्दल स्वतःच सगळ्यांना सांगितलं. मला भीती होती की आता परतणार नाहीत. पण एक दिवस फोन आला, "मले घ्यायले कधी येते?"

पूर्वी घर म्हटलं की मला साकोली आठवायची, कारण तिथे माझ्यासाठी कोणीतरी खोळंबलेलं असायचं. आता संध्याकाळी बाबा खाली बाकावर बसलेले असतात. कुलकर्णीबाईंचे यजमान त्यांना पुण्याच्या तक्रारी ऐकवतात, बाबा त्यांना झाडीपट्टीतल्या नटांच्या गोष्टी सांगतात. मी गॅलरीतून हाक मारते, जेवायला चला. ते हात वर करून 'थांब' म्हणतात. पोळ्या डब्यात झाकून मी कठड्याशी उभी राहते. वाट बघायची पाळी आता माझी आहे, आणि माझं घर इथे आहे.