पुलाखाली पाणी नव्हतं

डेपोत त्याला सगळे मौनी म्हणायचे. मौनी म्हणजे पिवळ्या बसचा ड्रायव्हर. ही बस नाही तरी तिच्या जातीची एखादी तुम्ही पाहिली असेल. दुमजली, वरून उघडी, एकदा तिकीट काढलं की दिवसभर वाटेल तिथं उतरा, हवं तेवढं फिरा आणि मागून येणाऱ्या पुढच्या बसमध्ये चढा. समुद्रकाठी सुट्टीला आलेल्या माणसांची याहून चांगली सोय नाही. धक्का, दीपगृह, मत्स्यालय, बाजार, कड्यावरची बाकं आणि परत धक्का. मौनी हा फेरा वर्षानुवर्षं मारत होता, आणि एवढ्या वर्षांत तो जेवढं बोलला असेल तेवढं एखादा बोलका माणूस न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या बोलून मोकळा होतो.

बोलायचं खातं वरच्या मजल्यावर होतं. तिथं सगळ्यांत पुढच्या सीटवर माइक घेऊन त्याच्या सख्ख्या वहिनी बसायच्या. तो वहिनी म्हणायचा म्हणून फिटर, तिकीटवाले, बस धुणाऱ्या बायका, सगळेच त्यांना वहिनी म्हणायला लागले. डेपोचे साहेब सुरुवातीला 'मॅडम' म्हणत, पण ते काही टिकलं नाही.

मौनी शाळेत होता तेव्हा वहिनी घरात आल्या. त्याची आई आधीच गेलेली. भाऊ हॉटेलांचे फ्रीज दुरुस्त करायचा, अजूनही करतो, आणि घरी येतो तो झोपायलाच. तेव्हा पोराला उठवणं, जेवायला घालणं, रागावणं, समजावणं हे सगळं वहिनींच्या गळ्यात पडलं. त्याला गाडी शिकायला त्यांनीच पाठवलं आणि या कंपनीत चिकटवलंही त्यांनीच. त्यांचं ऋण आहे असं मौनी कधी बोलला नाही. बोलत तर तो काहीच नव्हता, पण वहिनींनी सांगितलेलं काम त्यानं कधी उद्यावर ढकललं नाही.

आणि बोलणं ऐकावं तर वहिनींचं. दुसऱ्या बसवरचे गाइड कडा आला की एक राणी खाली ढकलायचे. दर फेरीला ती प्रेमात पडायची, दर फेरीला उडी मारायची. लोकही खूश व्हायचे. वहिनींच्या कड्यावर राणी कधी फिरकली नाही. "इथं पूर्वी काय झालं ते मला माहीत नाही," असं त्या सरळ माइकवर सांगायच्या. "वारा मात्र झकास असतो. टोप्या धरा." लोक टोप्या धरायचे, हसायचे आणि पुढचं सगळं खरं मानायचे. थापा मारायच्या नाहीत, हा त्यांचा एकच हट्ट होता, आणि तो त्यांनी कंपनीच्या सगळ्या सूचनापत्रकांना पुरून उरेल असा चालवला होता.

त्यांची सीट बरोबर मौनीच्या डोक्यावर. त्यांनी टाच एकदा आपटली की गाडी हळू, दोनदा आपटली की चला. वहिनींचा आवाज त्याला केबिनमधल्या छोट्या स्पीकरवर ऐकू यायचा. तो आवाज ऐकत गाडी चालवायची, की गाडीच्या तालावर त्या बोलायच्या, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. दृष्ट लागावी अशी जोडी होती.

एका दुपारी मत्स्यालयाच्या रस्त्यावर पाण्याची मोठी पाइप फुटली. पोलिसानं हात करून मौनीला अलीकडच्याच वळणावरून हॉटेलांच्या मागच्या गल्लीत वळवलं. वळण तसंच डावं, रस्ताही तेवढाच रुंद. आता अशा वेळी ड्रायव्हरनं वर कळवायचं असतं, केबिनमध्ये त्यासाठी वेगळा माइक आहे. पण मौनी कसला कळवतोय. वहिनींना दिसतंच आहे की, असा विचार त्यानं केला असेल, किंवा तेवढाही केला नसेल.

गल्लीत हॉटेलांच्या लाँड्रीच्या चादरी वाळत होत्या. दोऱ्यांवर रांगच्या रांग, पांढऱ्याशुभ्र. आणि स्पीकरवर वहिनींचा आवाज आला, "डाव्या हाताला ही पांढरी इमारत बघा. या किनाऱ्यावरचं सगळ्यांत जुनं मत्स्यालय. आत एक कासव आहे, ते माझ्याहून वयानं मोठं आहे."

वर एकच हशा पिकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाई भलत्याच गमतीशीर आहेत, असं लोकांना वाटलं. वहिनीही हसल्या. पण ते हसू उशिरा आलं, आणि मौनीनं इतकी वर्षं ऐकलेल्या हसण्यासारखं ते नव्हतं. 

त्या संध्याकाळपासून तो वहिनींकडे बघायला लागला. म्हणजे रोज बघायचाच, पण आता नीट बघू लागला. त्या चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवत आणि चटका बसला की थांबत. शेजारीण जिन्यात भेटली तर ती बोलेपर्यंत गप्प राहत आणि मग तिच्या नावानं हाक मारत. समोरच्या माणसाशी बोलताना मान थोडी वाकडी धरत, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. हे सगळं केव्हापासून चाललं होतं कुणास ठाऊक. एका घरात, एका ताटात जेवल्यासारखं राहून आपल्याला पत्ता नाही, याची मौनीला स्वतःची मनापासून लाज वाटली. पण विचारायचं कसं? त्या सांगत नाहीत म्हणजे त्यांना सांगायचं नाही. तो गप्प राहिला.

गप्प राहून भागलंही असतं. जुना रस्ता वहिनींना हाडामांसात पाठ होता. पण खाडीवरचा नवा पूल सुरू झाला आणि कंपनीनं दोन महिन्यांनी फेरा तिथून वाढवायचं ठरवलं. साहेबांनी डेपोत सांगितलं, "नव्या रस्त्यावर प्रत्येक गाइडच्या बसमध्ये मी स्वतः बसणार. ज्याला जमणार नाही त्यानं तिकीट खिडकीवर बसायचं." बाकीच्यांनी खांदे उडवले. खिडकीवर सावली तरी असते. मौनीला मात्र घाम फुटला. खिडकीवर बसायचं म्हणजे तिकिटं वाचायची, नोटा ओळखायच्या. वहिनींसाठी खिडकी म्हणजे दोन दिवस आणि मग कायमचं घर. आणि या बाईच्या हातून माइक काढून तिला घरात बसवणं म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं?

रविवारी सकाळी तो स्कूटर घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, चला. नवा रस्ता बघायचाय."

"मग बघा की. मी कशाला?"

"सराव करायचाय मला. साहेब ड्रायव्हरलाही प्रश्न विचारणार आहेत म्हणे. मी मोठ्यानं बोलतो, तुम्ही चुका काढा."

जन्मात एवढं लांब तो कधी बोलला नव्हता आणि त्यातली निम्मी थाप होती. वहिनींनी मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासाठी येते हो." आणि मागे बसल्या.

पुलावर गेल्यावर वारा कानात शिरला. "हे काय आलं?" वहिनींनी विचारलं.

"पूल."

"ते कळलं, हाडं खिळखिळी झाली माझी. दिसतं काय?"

"पाणी."

"कुठं?"

मौनीनं बराच विचार केला. "खाली."

"भाऊजी, तुमचं लग्न का जमलं नाही ते आज समजलं मला," वहिनी म्हणाल्या.

पण तो गडी हटला नाही. सुट्टी एक रविवार सोडून मिळायची, तर पुढच्या सुट्टीला पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही. स्कूटर कडेला लावायची, कठड्याला टेकायचं आणि बघायचं. पाहिलेलं बोलायचं म्हणजे आधी पाहावं लागतं, हे त्याला या वयात कळत होतं. पलीकडच्या डोंगराच्या पोटाशी लाल कौलांची घरं आहेत, त्यातल्या एकावर निळी टाकी आहे. खाडीचं पाणी सपाट आहे, घासायच्या राहिलेल्या पितळेच्या रंगाचं. डावीकडे होड्या बांधल्यात, त्यांची तोंडं सगळी एका दिशेला. तो अडखळत सांगायचा, वहिनी खोदून खोदून विचारायच्या आणि घरी येईपर्यंत त्याचं सुंदर काहीतरी करून टाकायच्या. का चाललंय हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. पण कुणी ब्र काढला नाही. वहिनी आपल्या चुका काढत राहिल्या आणि मौनी आपला सराव करत राहिला.

नव्या रस्त्यावरच्या पहिल्याच फेरीला साहेब बसले, तो दिवस उन्हाचा होता. बस भरलेली. दीपगृह झालं, मत्स्यालय झालं, वहिनींची गाडी रुळावर होती. साहेब मागच्या सीटवर बसून मान डोलावत होते असं तिकीटवाल्यानं खाली येऊन सांगितलं, तेव्हा मौनीच्या जिवात जीव आला. बस पुलावर चढली. टाच एकदा वाजली. मौनीनं गाडी हळू केली आणि वहिनींनी सुरू केलं, "आता दोन्हीकडे खाली बघा. खाडीचं हे पाणी पितळेच्या परातीसारखं दिसतं."

मौनीनं खाली पाहिलं. पाणी नव्हतंच. ओहोटी होती, मोठी ओहोटी. खाडीत नुसता चिखल, वाळूचा पट्टा आणि मधे एक धार. सुट्टीच्या सकाळी गेले ते दर वेळी भरतीलाच गेले. समुद्रकाठी जन्म काढलेली दोन माणसं, आणि ओहोटीचा विचार एकाच्याही डोक्यात येऊ नये. परीक्षेच्या काळजीनं दोघांचीही अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

 वर कुणीतरी म्हणालं, "परात आहे, पाणी कुणीतरी ओतून दिलं." आणि सगळी बस हसली. साहेबही हसले, त्यांचं ते घोगरं हसू मौनीला स्पीकरवर ओळखू आलं. चला, वाचलो, असं त्याला वाटलं. चादरींच्या वेळी झालं तसंच झालं. वहिनींनी फक्त हसून पुढे जायचं होतं. पास झाल्यातच जमा होत्या त्या.

वहिनी हसल्या नाहीत. माइक चालूच होता.

"मी गंमत केली नाही," त्या म्हणाल्या. "पाणी नाही हे मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलंय. कडेकडेचं थोडं दिसतं. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. तुमचे पैसे घेऊन तुम्हाला खोटं सांगणार नाही. या पुलावरून आत्ता काय दिसतं ते मला माहीत नाही. तुम्हीच सांगा."

मौनीनं गाडी कडेला घेतली. घ्यायला नको होती, पण समोरचा रस्ता धूसर झाला तर माणूस काय करणार.

 वरून एका म्हातारीचा आवाज आला, "चिखलात काळे खांब आहेत, बाई." दुसरा म्हणाला, "खांब नाहीत, माणसं आहेत. वाकलीत." "शिंपले वेचतायत." "एकीच्या डोक्यावर टोपली आहे." "तिच्या मागे कुत्रं आहे, पाय उचलून उचलून चालतंय, चिखल आवडत नाही त्याला." "वहिनी, तुमच्या उजव्या हाताला बगळे आहेत." वहिनी हे नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. जो तो उठून कठड्याशी आला. फोटो काढायचे सोडून माणसं बघायला लागली आणि बघितलेलं त्यांना सांगायला लागली. वहिनी विचारायच्या, "टोपली भरलीय का?" आणि सगळी बस टोपली भरलीय का ते बघायची. पुढच्या थांब्यावर उतरायची मुभा असून कुणी उतरलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धक्क्याला बस लागली तेव्हा उतरणारा प्रत्येक जण त्यांच्याजवळ थांबून काहीतरी सांगून गेला.

बस रिकामी झाल्यावर मौनी वर गेला. साहेब वहिनींच्या शेजारच्या सीटवर बसले होते, चष्मा हातात धरून.

"वहिनी, हा जिना उभा आहे," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही पडलात तर मी काय तोंड दाखवू? तुम्हाला यापुढे वर बसू देता येणार नाही मला. खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरच्या मागे बसा आणि बोला. पण खालून तुम्हाला दिसणार कसं?"

"वरून तरी कुठं दिसत होतं?" वहिनी म्हणाल्या.

 "बरं. माइक तुमचाच," साहेब शेवटी म्हणाले. मग मौनीकडे वळले. "आणि तू? रोज बरोबर असतोस. तुला माहीत होतं की नाही?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी मला सांगितलं नव्हतं," मौनी म्हणाला.

साहेब उठले आणि खाली गेले.  वहिनींनी पदरानं चेहरा पुसला.

"भाऊजी, आता सांगते. मला दिसत नाही."

"बरं," मौनी म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. "चला. हात धरा."

"जिना पाठ आहे मला."

"माहीत आहे. तरी धरा."

वहिनींनी हवेत थोडं चाचपडत त्याचा हात शोधला, आणि धरला.