माझ्या आजीच्या नावावरचं औषध

थापा मारायला मला लहानपणापासून आवडतं. त्या लगेच पकडल्या जातात, एवढीच अडचण. एक थाप मात्र टिकली. ती सासूबाईंना मारलेली.

त्यांची पाळी जाऊन इतकी वर्षं झाली होती की नातू कॉलेजात जायला लागला होता. तरी एका सकाळी हळर्णच्या आमच्या घरामागे, नळावर त्या आपलं पातळ वेगळं धुताना दिसल्या. पाणी लालसर वाहत होतं.

“आई, डॉक्टरकडे जाऊया.”

“उष्णता ती. ह्या वयात डाक्टराक काय दाखवचा?”

पुढे कितीतरी दिवस आमचं हेच बोलणं. या वयात रक्त जाणं चांगलं नाही, आतली गाठ वाईटही असू शकते, हे मी ऐकून होते. त्यांचा विश्वास गावठी औषधांवर. मग मी एक गावठी औषधच काढलं.

“आमच्या कारापूरच्या आजीचं आहे,” मी म्हटलं. “तांब्याभर पाण्यात कोकमाचं आगळ नि गुळाचा खडा. प्यायल्यावर लघवीला जायचं नाही, आणि तसंच जाऊन मशीनखाली झोपायचं. नाहीतर लागू पडत नाही.”

खरं तर माझ्या आजीला पेजेपलीकडे कसलंच औषध ठाऊक नव्हतं. सोनोग्राफीआधी पाणी पाजून थांबवतात, तेवढं मला ठाऊक होतं.

सासूबाईंनी उलटतपासणी सुरू केली.

“तुझ्या आजयेच्या वेळार मशीन खंय होता गो?”

“तेव्हा वैद्य हाताने बघायचा.”

“कडू आसा?”

“आंबट.”

“मगे पितंय.”

म्हापशाच्या वाटेवर इतके गतिरोधक आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकावर सासूबाई माझा हात आवळायच्या. “तुझ्या घोवाक सांग, सावकाश चलव.” घोव म्हणजे त्यांचाच मुलगा, समोर गाडी चालवत होता; पण पोटात असं काही चाललेलं असलं की तो माझा नवरा होतो. त्याला आम्ही अपचन म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंना आत एक छोटी गाठ दिसली. ती काढून तपासायला पाठवली. निकाल येईपर्यंत मी आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि सगळ्यांनी ती तशीच संपवली. गाठ साधी निघाली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “वेळेवर आलात.”

“सुनेच्या आजयेचा गुण,” सासूबाई म्हणाल्या.

हे इथेच संपलं असतं. पण एका दुपारी शेजारची वहिनी परसात सासूबाईंच्या कानाशी लागलेली दिसली. तिच्याही अंगावरून जात होतं म्हणे, कधीपासून, आणि घरात सांगायची लाज. आता खरं सांगून टाकावं म्हणून मी पुढे झाले.

“आगळाचा काय नाय गो त्यात,” सासूबाई तिला समजावत होत्या. “मशीनाबगर घेतलंस तर फुकट. लाज वाटता तर मी येतंय वांगडा.”

मी मागच्या मागे वळले.

दुसऱ्या दिवशी दोघी गाडीत मागे बसल्या, वहिनी अवघडून, सासूबाई तिचा हात धरून. मी दार लावत होते, तेवढ्यात सासूबाईंनी काच खाली केली.

“आगळ संपत इला हां. आमच्या वाड्यार आनी दोघीजणी आसत.”