डॉक्टरांनी मला सांगितलेलं

गोष्ट रंगवून सांगायची माझी खोड जुनी. चोपड्याच्या शाळेत शिकवायला होतो तेव्हा मधल्या सुट्टीत स्टाफरूममधल्या खुर्च्या आपोआप माझ्याकडे सरकायच्या. त्याचा मला भारी अभिमान होता.

बायकोला दर महिन्याला पाळीच्या चार दिवसांत लघवीला जाताना आग व्हायची, कधी रक्तही जायचं. उन्हाळी लागली म्हणून आम्ही तिला दोन वर्षं धन्याचं पाणी पाजलं. शेवटी जळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून मूत्राशय तपासलं. म्हणाले, गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच मूत्राशयावर वाढलंय. पाळी आली की तेही पाझरतं. ऑपरेशन नको. सहा महिने कॅप्सूल घ्या, पाळी बंद राहील, अस्तर सुकेल.

हे तिच्यासमोर. मग मला एकट्याला बाहेर बोलावलं. बाईच्या आजाराचं तिच्या नवऱ्याला सांगायचं, अशी तेव्हा रीतच होती. "वजन वाढेल, चेहऱ्यावर लव येईल, ते चालेल. पण आवाज घोगरा व्हायला लागला तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करून इकडे या. गेलेला आवाज परत येईलच असं नाही. त्यांना नीट सांगा."

मी "हो" म्हणालो, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये सांगितलं. "सहा महिन्यांनी आमच्या घरात दोन बाप्ये. दोन घोगरे आवाज, एका साबणात दोन दाढ्या." मुख्याध्यापकसुद्धा हसले. बायकोला वजनाचं सांगितलं, लवेचं सांगितलं. आवाजाचं नाही. आळीत तिच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. ऐकून ती कॅप्सूल घेणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे तो विनोद इतक्यांदा सांगून झाला होता की त्यातलं डॉक्टरांचं बोलणं मला खरं वाटेनासंच झालं.

आग थांबली, रक्त थांबलं. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय हो." मी ज्येष्ठमध आणून दिलं. वर म्हणालो, "कोण बोललं? मला वाटलं तुझा भाऊ आला."

श्रावणात शेजारी कानबाई देवी बसली. सोमवारी सकाळी देवीला नदीवर न्यायच्या वेळी पहिलं गाणं दरवर्षी बायकोच उचलायची. तिने उचललं. वरच्या सुरावर आवाज फाटला आणि खाली आला तो पुरुषाचा.

"तुना आवाज बसना का व?" शेजारच्या अक्कांनी विचारलं.

माझ्या सहकाऱ्याची बायको सहज म्हणाली, "कॅप्सूलनं होतं ना ते, वहिनी? सर सांगत होते म्हणे. आमच्याकडे हसून हसून पुरेवाट."

मी ओट्यावर उभा होतो. बायको माझ्याजवळ आली. "तुम्हाला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. एवढं छोटं उत्तर मी जन्मात दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवून दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनीही आग आटोक्यात राहिली. आवाजाचं विचारल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काही महिने वाट पाहा."

"मला सांगा," ती म्हणाली. "मी इथे बसलेय."

आवाज परत आला नाही. पुढे नव्वदच्या दशकात घरी फोन बसला. तिने उचलला की लोक म्हणायचे, "नमस्कार, सर."

"सर घरी नाहीत," ती सांगायची आणि ठेवून द्यायची. मी समोरच बसलेला असायचो.